मावळतीचं पाणी

प्रॅक्टिकल लांबलं. परीक्षकांना काय त्याचं! तीर्था प्रयोगशाळेतून धावतच बाहेर आली, तेव्हा सूर्य मावळायला पाचच मिनिटं उरली होती. तिचा जैन रीतीचा उपवास. फक्त पाणी चालायचं, तेही उकळून गार केलेलं आणि सूर्यास्ताच्या आत.

दारातच मुनीर बाटली आणि पेला घेऊन उभा. कॉलेजच्या सर्वधर्म गटाचा स्वयंसेवक. “बोलू नकोस, आधी पी.”

दोन पेले घटाघटा प्यायल्यावर तिला त्याचे सुकलेले ओठ दिसले. अरे, याचा तर रोजा! पहाटेपासून पाण्याचा थेंबही न घेतलेला हा पठ्ठ्या तिच्यासाठी पाणी उकळून तासभर उभा होता.

“संपव की, दोन मिनिटं आहेत अजून.”

“पुरे.”

सूर्य बुडाला. लांबून अजान ऐकू आली. तीर्थानं उरलेलं पाणी पेल्यात ओतून त्याच्यापुढे धरलं.

“बोलू नकोस. आता तू पी.”