तोंडावरचा स्कार्फ

सिग्नलला तिनं स्कार्फ डोळ्यांखालपर्यंत ओढला. धूळ, ऊन, ओळखीची माणसं. तिन्हींवर एकच उपाय. गाडीवर हॉटेलची पार्सलं.

“ताई, इंजिनिअरिंग कॉलेज कुठं आलं?”

तिचे अण्णा. गावाहून, न कळवता. टक्कल उन्हानं लालभडक.

तिनं नुसता हात उजवीकडं केला. बोलली असती तर आवाज ओळखला असता.

“पोरगी शिकते तिथं. सारखी परीक्षाच. म्हटलं, आपणच जाऊन बघावं.”

तिनं कॉलेज सोडून वर्ष झालं होतं.

सिग्नल सुटला. मागून हॉर्न. अण्णा उजवीकडं चालू लागले, एक हात डोक्यावर धरून.

तिनं गाडी त्यांच्यापुढं आडवी घातली, स्कार्फ सोडला आणि त्यांच्या डोक्याला गुंडाळून मागं गाठ मारली.

अण्णा तिच्या तोंडाकडं बघत राहिले. मग पार्सलांकडं.

“आज पेपर नव्हता?”

“पेपरच नव्हते, अण्णा.”