पाद्र्यांची अदलाबदल

आमच्या थॉर्नबीचे पाद्री, रेव्हरंड पिल्बीम, इथल्या दलदलीला आणि चर्चमधल्या रिकाम्या बाकांना कंटाळले होते. समुद्रकाठच्या एका पाद्र्याशी गावाची अदलाबदल करायचं त्यांनी मनावर घेतलं, आणि तो पाद्री येत्या रविवारी गाव बघायला येणार असं ठरलं.

बातमी कळताच हॅक्सबी लोहार भट्टी सोडून दारोदार फिरला.

"साहेबांच्या प्रवचनातून कायमचं सुटायचं असेल, तर एवढा एक रविवार सोसा. चर्च ओस दिसलं, तर पाहुणा आल्या पावली परत जाईल आणि हे आपल्याच बोकांडी बसतील!"

"आणि मला झोप लागली तर?" म्हाताऱ्या टप्लिनबाईंनी विचारलं.

"शेजारणीला चिमटे काढायला सांगा, बाई."

रविवारी चर्चमध्ये पाय ठेवायला जागा नव्हती. एरवी फक्त लग्नाला आणि मयताला येणारे गडीसुद्धा छत उडेल असे गात होते. प्रवचन ऐकताना टप्लिनबाई तर चक्क डोळे पुसत होत्या, कारण शेजारीण चिमट्यांत हात आखडता घेत नव्हती. पाहुण्याला गाव पसंत पडल्याचं त्याच्या चेहऱ्यावरच दिसत होतं. आम्ही एकमेकांना कोपरानं ढोसत होतो.

शेवटी पिल्बीमसाहेबांनी गच्च भरलेल्या बाकांवरून नजर फिरवली आणि ते पाहुण्याकडे वळले.

"पाहुण्यांनी मला माफ करावं," ते म्हणाले, "पण इतकी जीव लावणारी माणसं सोडून मी आता मरेपर्यंत कुठे जायचा नाही."