गाण्याआधीचं मोजणं

“तेवढं मोजणं ऐकव. गाणं नाही लावलंस तरी चालेल,” ठोक्याची आई म्हणाली आणि स्टुडिओतल्या एकमेव धड खुर्चीत बसली.

झिपऱ्याने रेकॉर्डिस्टकडे पाहिलं. रेकॉर्डिस्टने झिपऱ्याकडे पाहिलं. झिपऱ्या हा बँडचा गिटारवाला. नाव पडलं तेव्हा डोक्यावर स्प्रे मारून उभं केलेलं जंगल होतं. आता तिथे मैदान झालंय, पण नाव काही गळलं नाही.

टेबलावर नव्याने बाजारात येणाऱ्या बॉक्सचा नमुना होता. सुरुवातीचे चारही आल्बम एकत्र, चंदेरी वेष्टनात. आतल्या तबकड्या अजून यायच्या होत्या. वर चौघांचा फोटो: ओठांना लाली, डोळ्यांत काजळ, पँटी इतक्या तंग की बसायची सोय नाही. डावीकडून दुसरा ठोक्या. तो ड्रम वाजवायचा, पण पहिल्या आल्बमपुरताच. तो आल्बम दुकानात पोचायच्या आत ठोक्या अपघातात गेला. पुढचे तीन दुसऱ्याने वाजवले.

“ही लाली माझी,” फोटोवर बोट ठेवून आई म्हणाली. “चौघांनी मिळून संपवली. मेल्यांनी नवी आणून दिली नाही ती नाहीच.”

झिपऱ्या हसला. हसताना त्याला कळत होतं की आता बाई मुद्द्यावर येणार.

“पेपरात वाचलं, मूळ टेपांवरून काढलंय म्हणून. खोलीत वाजलं तसंच्या तसं ऐकू येणार म्हणे. म्हणून आले. तो सांगायचा, आई, मी मोजल्याशिवाय यांचं एक गाणं सुरू होत नाही. तुमचा आल्बम मी कितीदा ऐकला, पण मोजणं कुठेच नाही. आपलं धाडकन गाणंच सुरू.” तिने पर्स मांडीवर घट्ट धरली. “घरात फोटो ढीगभर आहेत रे. आवाज नाही. गाणं तर त्याला येतच नव्हतं, गायला लागला की शेजारी भांडायला यायचे. पण जेवायला बसला की ताटावर चमच्याने एक, दोन, तीन, चार, आणि मग पहिला घास. तीनला आवाज चिरकायचा. चिरकायचा एवढं आठवतं. कसा, ते आता आठवत नाही.”

झिपऱ्याने टेबलावरचा बॉक्स उगाच सरळ केला.

आल्बमवर मोजणं नव्हतं, कारण त्यानेच ते काढायला लावलं होतं. आपलं सगळं कसं चकचकीत हवं, नवशिक्या पोरांसारखं एक-दोन-तीन-चार कशाला, असं त्याचं म्हणणं. गाण्यांआधीचे तुकडे तेव्हाच ब्लेडने कापून फेकले होते. एका रिळाच्या तोंडाशी तेवढा एक राहून गेला होता. गेल्या आठवड्यापर्यंत होता.

जुनी टेप चिकट होते. तिला मंद आचेवर भाजून घेतात. मग ती एकदा-दोनदा धड वाजते, आणि त्यानंतर तिच्यावरचा तपकिरी थर सुटायला लागतो. आवाज असतो तो त्या थरातच. म्हणून मशीन आधी जुळवून घ्यायचं, तेही टेपच्या बिनकामाच्या भागावर. “गाण्याला धक्का लागता कामा नये,” झिपऱ्याने बजावलं होतं. “सुरुवातीला नुसतं मोजणं आहे. काय झटापट करायची ती त्याच्यावर कर.” रेकॉर्डिस्टने तो तुकडा पुढे-मागे, पुढे-मागे फिरवला. थर सुटून मशीनला लागत गेला, तसा तो पुसून काढत गेला. सगळं जुळल्यावर मग रेकॉर्डिंग सुरू केलं. गाणं काचेसारखं स्वच्छ निघालं, तेव्हा दोघांनी एकमेकांना टाळी दिली होती.

मशीन जुळवत होते तेव्हा झिपऱ्या याच खोलीत होता. ठोक्याचा आवाज त्याच्या कानांवरून गेला होता. पण झिपऱ्या तेव्हा फोनवर बॉक्सच्या चंदेरी रंगावरून भांडत होता.

“काकू, ते राहिलं नाही.”

“राहिलं नाही म्हणजे? शोध की. मी बसते.”

“पुसलं गेलं. मीच सांगितलं होतं तसं करायला.”

ती ओरडली असती तर बरं झालं असतं. ती नुसती बघत राहिली, त्याच्या तोंडाकडे, समजावून सांगेल या आशेने. ते झिपऱ्याला सहन होईना.

“मी मोजून दाखवू? अगदी त्याच्यासारखं,” तो घाईघाईने म्हणाला. “एक, दोन...”

पुढचा आकडा तोंडातून निघेना. कित्येक रात्री स्टेजवर तो आवाज त्याच्या पाठीमागे होता, त्यावर त्याने डोळे मिटून गिटार उचलली होती, आणि आता तो त्यालाही आठवत नव्हता. पापी माणूस, मान खाली घालून उभा राहिला.

“पुसलं,” आई स्वतःशीच म्हणाली. “पुसलं तर फडक्याला तरी लागलं असेल.”

रेकॉर्डिस्ट सरळ माणूस. त्याने टेबलाखालची कचऱ्याची बादली पुढे ओढली. मशीन पुसलेले कापसाचे बोळे होते तिच्यात, सगळे तपकिरी माखलेले.

आई वाकली. एक बोळा उचलून तिने दिव्याखाली धरला. मग दुसरा.

“यातला त्याचा कुठला?”

दोघांपैकी कुणालाच सांगता येईना. तेव्हा तिने तो चंदेरी बॉक्स मांडीवर घेतला, झाकण उघडलं, आणि एकेक करून सगळेच बोळे त्यात भरायला लागली.