बाबांची वीत

गाडी दीड फूट जास्त लांब झाली होती. सानपाडा गावातल्या आपल्या गॅरेजमध्ये रूपेश पाटीलने तीन महिने खपून बॉडीचा लोखंडी सांगाडा उभा केला होता, आणि आता तो चासीवर बसायलाच तयार नव्हता.

"गाडी बनवतोयस की लाँच?" धर्मराज म्हणाला. तो डेंटर. पत्रा ठोकण्यात त्याचा हात धरणारं कुणी नव्हतं, आणि टोमणे मारण्यातही.

रूपेश हसला नाही. या गाडीवर त्याच्या बापाची अब्रू टांगलेली होती.

नामदेव पाटील खाडीपलीकडच्या एका मोटार कारखान्यात वेल्डर होते. त्या कारखान्याने चाळीस वर्षांपूर्वी लांब नाकाची, दोन दारांची एक गाडी बनवली. एकच, नमुना म्हणून. पुढे वरून हुकूम आला, गाडी कापून भंगारात गेली, आणि काही वर्षांनी कारखानाही बंद पडला. ना फोटो उरला, ना कागद. नामदेव मात्र मरेपर्यंत सांगत राहिले, "गारी झालेली. मापा आमचे घरान हायेत." गाव म्हणायचं, गाडी कसली, नमुना तर हाच आहे.

ते गेल्यावर ट्रंकेत खरंच एक वही निघाली. पानापानावर गाडीचा एकेक भाग काढलेला. बाजूला आकडे नाहीत, नुसत्या उभ्या काड्या आणि ठिपके. काडी म्हणजे वीत आणि ठिपका म्हणजे बोट, हे रूपेशला दोन दिवसांत उमगलं. कारखान्याच्या गेटवर झडती व्हायची, टेप आत नेता येत नसे, म्हणून माप हाताने घेतलेलं.

"सातवी पास माणसाने आकडे का नाय लिहिले?" धर्मराजने विचारलं होतं.

"पकडले गेले तर कुणाला कळू नये म्हणून. डोकं लागतं त्याला."

लेकाला एकदा बाप हुशार वाटायला लागला की मग त्याला पुरावा लागत नाही.

वीत म्हणून रूपेशने स्वतःचीच वीत धरली होती, नऊ इंच. वहीत चाकापासून चाकापर्यंत बारा काड्या, म्हणजे नऊ फूट. पण नमुना कंपनीच्या नेहमीच्या चासीवर बांधला होता, आणि तशीच चासी रूपेशने कळंबोलीच्या भंगारातून उचलून आणली होती. तिच्या दोन चाकांतलं अंतर भरलं साडेसात फूट.

धर्मराजने खडूने लादीवर भागाकार केला. "साडेसात इंचाची वीत आली बघ. तुझ्या बापाचा पंजा तर फावड्याएवढा होता."

"चोरून मोजताना हात आखडतोच माणसाचा," रूपेश म्हणाला.

रूपेशची आई, गोजराबाई, चहा घेऊन आल्या होत्या. तरुणपणी त्याही त्याच कारखान्यात झाडलोटीला जायच्या. आता गॅरेजच्या चहावर त्यांचं राज्य होतं. त्यांनी खडूचं गणित बघितलं, रूपेशकडे बघितलं आणि कप खाली ठेवले.

"तीच धर," त्या म्हणाल्या. "आता जमल तुमचा."

रूपेशने साडेसात इंचाची लोखंडी पट्टी कापली. तिला नाव पडलं 'बाबांची वीत'. मग वर्षभर गॅरेजमध्ये दुसरं मापच चाललं नाही. पट्टी लावायची, खूण करायची, ठोकायचं. आणि काय सांगावं, सगळं बसत गेलं. दरवाजा पहिल्या झटक्यात लागला, काच खाचेत अलगद उतरली. बॉनेट बसलं त्या दिवशी धर्मराजसारख्या माणसाने स्वतःच्या पैशाने पेढे आणले.

खारघरच्या मैदानावर जुन्या गाड्यांचं प्रदर्शन भरलं, तेव्हा मोरपंखी रंगाची ती गाडी बघायला रांग लागली. गावातले झाडून सगळे आले होते. पण रूपेशचं लक्ष एकाच माणसाकडे होतं. शहाजी भोईटे, वय चौऱ्याऐंशी. नमुन्याचं डिझाइन यांचं. ती गाडी पाहिलेला आणि अजून हयात असलेला हा एवढाच साहेब. हे नाही म्हणाले, की नामदेव कायमचे थापाडे.

भोईट्यांनी गाडीभोवती दोन फेऱ्या मारल्या. दरवाजा उघडला, लावला, पुन्हा उघडला. बॉनेटच्या कडेवरून हात फिरवला.

"ही उंची आम्ही तीनदा बदलली होती," ते म्हणाले. "ही शेवटची. ड्रॉइंग मी स्वतः फाडली, तुला कुठून मिळाली?"

"ड्रॉइंग नाय साहेब. बाबांनी हाताने मापली. नामदेव पाटील."

"वेल्डर नामदेव? अरे, बडबड्या माणूस! दुपारी नमुन्याच्या शेडच्या दारात गाठायचा आणि अर्धा अर्धा तास डोकं खायचा. पण वेल्डरला आत प्रवेश नव्हता."

"तेच तर," रूपेश छाती फुगवून म्हणाला.

भोईट्यांनी माइक मागून घेतला. ही गाडी झाली होती, ती हुबेहूब अशीच होती, आणि आपण हे शपथेवर सांगतो, असं ते म्हणाले. टाळ्यांचा कडकडाट झाला. ज्यांनी नामदेवांची आयुष्यभर टिंगल केली, ते सगळ्यात जोरात वाजवत होते. रूपेश ढसाढसा रडला. आज बाप जिंकला होता.

पहिलं बक्षीस कैलासवासी नामदेव पाटील यांच्या नावाने जाहीर झालं. आईने चार शब्द बोलावेत म्हणून रूपेशने गोजराबाईंना गाडीपाशी आणलं आणि माइक पुढे धरला.

गोजराबाईंनी माइक घेतला नाही. पदर खोचून त्या बॉनेटवर वाकल्या. टोकाला अंगठा टेकवला, करंगळी ताणली आणि मोजत सरकत गेल्या. एक, दोन, तीन. सात विती झाल्या, पुढे दोन बोटं, आणि बोट नेमकं काचेला टेकलं.

वहीत तेवढंच होतं. सात काड्या, दोन ठिपके. रूपेशने खिशातली पट्टी काढून आईच्या ताणलेल्या पंजाशेजारी धरली. सुताचाही फरक नव्हता.

"बरोबर हाय," गोजराबाई म्हणाल्या, आणि भोईट्यांकडे बघून गालातल्या गालात हसल्या. "मी आत मापीत व्हते, तवा तुजा बापूस दारात ह्या साहेबाला बोलन्यात गुतवून ठेवीत व्हता."