गाडीला गाडी

गाडीला गाडी बदलली, तर दुरुस्तीचा सगळा खर्च समोरच्याच्या गळ्यात पडणार, असा काकासाहेबांचा हिशोब होता. त्यांच्या जुन्या गाडीच्या मीटरवर इंजिनाचा पिवळा दिवा विझायचं नावच घेत नव्हता.

"सारी वायरिंग खोलावी लागंल काका, मंगच फॉल्ट सापडंल," सलीम इलेक्ट्रिशियन म्हणाला.

काकासाहेबांनी बायकोकडून, सगुणाबाईंकडून, एक काळी टिकली मागून घेतली, दिव्यावर बराबर चिकटवली आणि बदनापूरच्या एका गृहस्थाशी अदलाबदल करून आले.

"लई भोळा माणूस निघाला बघ!" दारात गाडी लावत ते मिशीतल्या मिशीत हसले.

सगुणाबाई कौतुकानं आत डोकावल्या आणि मीटरपाशी थबकल्या.



"अहो, त्यांच्या बायकोची टिकली तर माह्या टिकलीहून मोठी हाय!"