जिभेची चव

घशाला रेडिएशन दिल्यापासून चांगदेवबाबांच्या जिभेची चव पार गेली होती. त्या सकाळी मात्र चहा चक्क गोड लागला. मुलगा कामावरून आला की त्याला सांगू, म्हणून ते दिवसभर मनातल्या मनात हसत राहिले.

संध्याकाळी रवींद्र नौपाड्याहून टोमॅटोसारखी दिसणारी जपानी फळं, म्हणजे पर्सिमन, घेऊन आंबिवलीला घरी आला. नीलाने एका मऊ फळाचं देठ कापलं आणि आतला केशरी गर चमच्याने नवऱ्याला भरवला.

"अगं, मधासारखं लागतंय!"

बाबा आता सांगणारच होते, तोच सून म्हणाली, "ही दोन कडक निघाली बघ. कच्ची तुरट असतात, तोंड आवळतं नुसतं. बाबांना देते कापून. त्यांना कुठे काय कळतंय?"

"दे ना. फुकट जायला नको."

पहिल्याच फोडीला बाबांची जीभ टाळूला चिकटली. घसा धरला, डोळ्यांत पाणी आलं.

"कसं लागतंय, बाबा?" रवींद्रने विचारलं.

"काहीच लागत नाही रे."

"मग दुसरंही संपवून टाका," म्हणत नीलाने सुरी उचलली.