हेडातलं भोक

पोलिसांच्या गाडीचं सिलिंडर हेड आतून घासून गुळगुळीत करायचं काम गॅरेजातल्या शिकाऊ लवूनं पहिल्यांदाच हाती घेतलं होतं. हात जास्तच चालला आणि पाण्याच्या पोकळीपर्यंत भोक पडलं. त्यानं ते सफेद्याचा लेप देऊन बुजवलं. गॅरेजचे मालक दत्ताराम मेस्त्री, त्यांना सांगायचा धीर काही झाला नाही.

संयुक्त महाराष्ट्राच्या मोर्च्यात पकडलेल्यांना नेताना तीच गाडी परळ नाक्यावर वाफ ओकत थांबली आणि पकडलेले सगळे पळाले. मुद्दाम इंजिन बिघडवलं म्हणून मेस्त्रींना अटक झाली.

कोठडीपाशी जाऊन लवू रडला. "मेस्त्री, चूक माझी. आत्ता साहेबाला सांगतो."

 

"हळू बोल, मेल्या! मुद्दाम केलं म्हणून इथं आणताना अख्ख्या लालबागनं हार घातलेत मला."